साडेतीन टनांच्या आत

"सर, गाडीचं वजन कागदावर कमी करून घेतलं, तर ती काट्यावरही कमी भरते का?"

वर्गात खसखस पिकली. पोलीस खात्यातून आलेले झुपानसर तासभर मोपेड, हेल्मेट आणि दिवे यांबद्दल बोलून दमले होते. "कुणाला काही विचारायचंय?" असं रीतीपुरतं म्हणत त्यांनी टोपी उचललीही होती. ती त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवली.

प्रश्न ब्रीनाच्या तोंडून आला होता, पण पैज त्याशा आणि ऊला या तिच्या दोन मैत्रिणींची होती. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी ब्रीनाचे कान लाल व्हायचे. मग हिवाळ्यात शाळाशाळांची मधमाशीपालनाची स्पर्धा झाली. ऐनवेळी त्याशाला ताप भरला, म्हणून ब्रीनाला परीक्षकांसमोर उभं केलं, आणि ही बया जी बोलायला लागली ती परीक्षकांनी घंटी वाजवली तरी थांबेना. तेव्हापासून तिचा हात कायम वर. "एवढी धीट झालीयेस ना, तर तुमच्या गाडीचं पोलिसालाच विचार," त्याशा सकाळी म्हणाली होती. "विचारलंस तर नाचाच्या दिवशी माझे चांदीचे डूल तुझे." नववी संपताना शाळेत मोठा नाच असतो, आणि त्याशाचे ते डूल म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती.

"काट्याला वाचता येत नाही, पोरी," झुपानसर म्हणाले. वर्ग हसला. सरही जरा खुलले. "कागद बदलला म्हणून गाडी हलकी होत नाही. तिनं किती भार घेऊन रस्त्यावर यायचं, ती मर्यादा फक्त खाली येते. पाच टनांची गाडी साडेतीन टनांवर आणून घेतली की साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते, अवजड गाड्यांचे नियम लागत नाहीत. अगदी कायदेशीर आहे हे. फक्त मग ती साडेतीनच्या आतच राहायला हवी. गाडी, ड्रायव्हर, डिझेल, सामान, सगळं धरून."

"आणि नाही राहिली तर?" हे पैजेत नव्हतं. ब्रीनाच्या तोंडून आपसूक गेलं.

"तर जिथे धरली तिथेच उभी. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय चाक हलू देत नाही आम्ही. दंड वेगळा." सरांनी टोपी घातली. "या शनिवारी विपावाकडून येणाऱ्या रस्त्यावर वजनकाटे लावणार आहोत. सुट्टीवाले निघाले ना आता. सायकली, फ्रिज, कुत्रा, सासू, सगळं कोंबतात गाडीत. घरी सांगू नका हं कुणी. का गं, कुणाची आहे गाडी?"

"कुणाची नाही. सहज."

ब्रीना खाली बसली. ऊलानं बाकाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला, त्याशानं कानातले दोन्ही डूल काढून तिच्या वहीवर ठेवले. दोघी तोंडावर हात दाबून हसत होत्या. ब्रीनाही हसली, पण तिनं वहीच्या कडेला 'शनिवार' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. कारण शनिवारी विपावाहून त्यांचीच गाडी यायची होती.

ती गाडी म्हणजे मधमाश्यांचं चालतंबोलतं घर. दोन्ही बाजूंना भिंतीसारख्या रचलेल्या मधपेट्या, मध्ये एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढी वाट. माश्या बाहेरच्या अंगानं ये-जा करतात आणि माणूस आतल्या वाटेत उभा राहून कपाटं उघडावीत तशी पेट्यांची दारं उघडतो. बाहेरून प्रत्येक पेटीवर रंगवलेली फळी. त्यातल्या एका फळीवर सैतान एका बाईची जीभ सहाणेवर लावून तिला धार काढतोय. स्पर्धेनंतर येर्नेआजोबांनी ती पेटी ब्रीनाच्या नावे केली. "तुझंच चित्र आहे," म्हणाले.

येर्नेआजोबा म्हणजे आईचे वडील. आयुष्यभर ते ही गाडी फुलोऱ्यामागे फिरवत राहिले. मे महिन्यात विपावाच्या खोऱ्यात अकेशियाची झाडं, मग लिंडेन, मग डोंगरावरचं चेस्टनट. त्यांच्याकडे मोठ्या गाडीचं लायसन्स होतं. गेल्या पानगळीत डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आणि ते लायसन्स गेलं.

बाबाकडे, म्हणजे रादोकडे, साधंच लायसन्स. तो शाळेच्या वाचनालयात काम करणारा माणूस. तरी त्यानंच तोड काढली. गाडी बनवणाऱ्यांकडून पत्र आणलं, तपासणी केंद्रात खेटे घातले, आणि पाच टनांची गाडी साडेतीनची करून आणली. दाराच्या आत साडेतीनच्या मर्यादेची नवीन पाटीसुद्धा बसली. पण गाडी स्वतःच इतकी जड, की साडेतीनमध्ये तिला बसवायची तर तिचं पोट रिकामं करायला हवं होतं. पेट्यांची वरची रांग उतरली. मध काढायचं यंत्र उतरलं, छोटी शेगडी उतरली. शेवटी वाटेच्या टोकाला असलेला आजोबांचा घडीचा पलंग उतरला, ज्यावर ते उभा उन्हाळा माश्यांच्या आवाजात झोपायचे. पलंग गॅरेजमध्ये ठेवल्यावर आजोबा त्याच्यावर बराच वेळ बसून राहिले होते. रादोनं त्यांना कॉफी नेऊन दिली. ती तशीच थंड झाली.

एप्रिलमध्ये लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर गाडी चढवली. साडेतीनला अडीचशे किलो कमी. रादो दोन्ही हात वर करून वखारीत नाचला होता. आणि इथेच त्याची चूक झाली. ती कुणा टेम्पोवाल्याच्या हातून कधी झाली नसती, कारण टेम्पोत भरलेल्या फरशा रस्त्यात वाढत नाहीत.

ब्रीना घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात तळहाताएवढी छोटी बाटली घेऊन उभा होता. मधाची दारू. रोज संध्याकाळी एक थेंबभर, तीही एकाच कारणासाठी. विपावाच्या कुरणात उभ्या गाडीत वरच्या एका पेटीखाली एक छोटा काटा बसवलेला होता. माश्यांनी दिवसभरात किती मध आणला, ते तो काटा संध्याकाळी फोनवर कळवायचा.

"चार किलो," बाबा म्हणाला. "आज एका दिवसात. अशी अकेशिया गेल्या सहा वर्षांत नाही आली. येर्ने, घेणार का?"

"ओत," आजोबा म्हणाले.

गेले दहा-बारा दिवस ही बातमी रोज येत होती, आणि रोज घर आनंदानं हलत होतं. ब्रीनाही टाळ्या पिटत होती. आज तिनं दप्तर न उतरवताच विचारलं, "बाबा, एका पेटीत चार, तर सगळ्या गाडीत किती?"

"ती काट्यावरची पेटी सगळ्यात दांडगी आहे. बाकीच्या एवढं नाही आणत."

"समज, निम्मं आणतात. आजवरचं सगळं धर. तरी अडीचशेच्या वर जातं."

बाबाच्या हातातली बाटली तशीच राहिली. आई, म्हणजे डार्या, औषधाच्या दुकानातून नुकतीच आली होती. एका पायातला बूट काढून ती दाराशी थबकली. "कशाच्या वर जातं?"

ब्रीनानं झुपानसरांचं सगळं सांगितलं. काटे, शनिवार, जिथे धरली तिथेच उभी. फक्त पैजेचं आणि डुलांचं गाळलं.

"पोलिसाला विचारलंस?" बाबा हळू आवाजात म्हणाला. "भर वर्गात?"

"नाव नाही सांगितलं."

"दुसरं कोण आहे गं त्या शाळेत, ज्याच्या घरी चाळीस वर्षं माश्यांची गाडी आहे?" मग तो खुर्चीत बसला. "हे बघ, लायसन्स पाटीवर चालतं. पाटी साडेतीन. मी चालवतोय ते अगदी नियमात आहे. मी सगळं विचारून केलंय. एकेक कागद आहे माझ्याकडे."

"सर म्हणाले, काट्याला वाचता येत नाही."

आजोबांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं, पण रादोनं ते पाहिलं आणि त्याची मान ताठ झाली.

"मग तिथेच मध काढून घेऊ," आई म्हणाली.

"कशानं? यंत्र गॅरेजमध्ये आहे. आणि वेळ कुठाय? ओल्गाचा फोन आला होता, शनिवारी द्राक्षांवर फवारणार आहे. तिच्या मळ्याला लागून आपलं कुरण. शनिवारी उजाडताना माश्या तिथून हलायलाच हव्यात. शुक्रवारी संध्याकाळी दारं बंद करायची, पहाटे निघायचं. अडीच तासांत घरी. त्या वेळी कुठला पोलीस उठतोय."

बाबानं आपल्या पेल्यातला थेंब न पिताच पुन्हा बाटलीत ओतला. सांडलाही नाही.

नंतर ब्रीना गॅरेजमध्ये गेली. आजोबा पलंगावर बसून चाकूनं मेणाचा एक गोळा खरवडत होते.

"आजोबा, गाडी रस्त्यात थांबवली तर काय होतं?"

"किती वेळ?"

"माल उतरवेपर्यंत."

आजोबांनी चाकू मिटला. "एकदा बोगद्याच्या तोंडाशी अडकलो होतो. पुढे अपघात झाला होता. दारं बंद, वर ऊन. गाडी चालत असली की जाळीतून वारा लागतो, उभी राहिली की नाही लागत. माश्या घाबरतात, पंख मारत सुटतात, त्यानं आणखी तापतं. मग मेण मऊ पडतं." त्यांनी गोळा दोन बोटांत दाबला. "खालच्या फटीतून मध यायला लागला. डांबरावर सांडला. मला आधी वाटलं, डिझेल गळतंय."

"आणि माश्या?"

"त्याच मधात," आजोबा म्हणाले, आणि चाकू उघडून पुन्हा मेण खरवडायला लागले.

शुक्रवारी दुपारी चौघंही आईच्या छोट्या मोटारीतून निघाली. आजोबांना चला असं कुणी म्हणालं नव्हतं. ते आपलं टोपी घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. मागे ब्रीनाच्या फोनवर सारखे मेसेज येत होते. उद्या अकराला नाचाची तालीम होती, आणि ब्रीनाचा जोडीदार म्हणजे वर्गातला माटेव्झ, ज्याला त्याशानं डोळा मारूनच ब्रीनाच्या वाट्याला दिलं होतं. 'डूल घालून ये,' त्याशानं लिहिलं. 'पोलिसाची लाडकी, गाडीला डाएट मानवला का?' ऊलानं लिहिलं. ब्रीनानं दोघींना हसण्याची चित्रं पाठवली आणि फोन मांडीखाली सरकवला.

विपावाला उतरल्यावर कुरणात पाय ठेवताच वास आला. सगळ्या बांधावरून पांढरे घोस लोंबत होते, काही आता पिवळट पडायला लागलेले. माश्या ओझ्यानं वाकड्यातिकड्या येत होत्या, फळीवर पोचण्याआधीच गवतात बसत होत्या, दम खाऊन पुन्हा उडत होत्या. एरवी हे बघून ब्रीनानं उड्या मारल्या असत्या. आज तिला वाटलं, पुरे गं बायांनो. जरा कमी आणा.

ती आतल्या वाटेत शिरली. सैतानाच्या पेटीचं दार उघडून वरच्या खणातली पोळ्याची एक चौकट दोन बोटांनी ओढून बघितली. हलली नाही. दोन्ही हात लावले, तेव्हा कुठे पुढे आली. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या मेणानं मोहरबंद. शेजारच्या पेटीचीही तशीच. त्याच्या शेजारच्याही.

"बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "खाली गावात वाइन सोसायटीचा काटा आहे. द्राक्षांचे ट्रॅक्टर मोजतात तो. जाता जाता चढवू या गाडी."

बाबा टायरांतली हवा बघत होता. वर न बघता म्हणाला, "कशाला?"

"कळेल ना किती भरते ते."

"आणि जास्त भरली तर? मग माहीत असून जायचं?" आता त्यानं वर बघितलं. रात्रभर झोप नसावी असे डोळे. "न चढवता गेलो तर मी एक माणूस आहे ज्याला वाटतंय की गाडी बरोबर आहे. चढवली तर मी कोण उरतो, ब्रीना?"

त्याचं बोलणं तिला पटलं नाही, पण कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच भीती वाटली.

ऊन उतरलं, माश्या घरी परतल्या. आजोबांनी एकेका पेटीचं दार हातानं चाचपत बंद केलं. डोळे अधू झाले होते तरी बोटं चुकत नव्हती. रादो त्यांच्या मागून जाऊन प्रत्येक दार पुन्हा तपासत होता. मग चौघं ओल्गाकाकूंच्या पाहुण्यांच्या खोलीत जाऊन झोपली. म्हणजे आडवी झाली. ब्रीनाला भिंतीपलीकडून गाडीतल्या माश्यांचा आवाज ऐकू येत होता, किंवा येतोय असं वाटत होतं.

पहाटे, नुसतं फटफटत असताना, गाडी कुरणातून निघाली. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी ब्रीना, मागून मोटारीत आई आणि आजोबा. चढावर गाडी कण्हल्यासारखा आवाज करत होती. वळणावर तिचं अंग एका बाजूला जायचं आणि परत यायला वेळ घ्यायचं. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे वाकून बसला होता. त्याच्या कानामागून घामाची एक धार कॉलरमध्ये उतरत होती, आणि बाहेर तर थंडी होती.

गाव आलं. उजव्या हाताला वाइन सोसायटीचं फाटक. उघडं होतं. आत एक माणूस पाइपनं फरशी धूत होता.

"बाबा, उजवीकडे वळ."

गाडी फाटकाजवळ आली. ब्रीनाला वाटलं, गेलं फाटक. पण बाबानं एकदम ब्रेक दाबला, आणि मागच्या सगळ्या पेट्यांतून एकाच वेळी भरून आल्यासारखा घुंकार उठला. तो आवाज थांबेपर्यंत बाबा तसाच बसला. मग त्यानं गाडी उजवीकडे घेतली.

फरशी धुणाऱ्या माणसानं पाइप बंद केला. "द्राक्षं अजून आली नाहीत हो," तो म्हणाला.

"माश्या आहेत," ब्रीना खिडकीतून म्हणाली. "जरा मोजून द्या ना."

"माश्या मोजायच्या?" त्यानं मान हलवली आणि खोलीत जाऊन दिवा लावला. गाडी लोखंडी पत्र्यावर चढली, पत्रा किंचित दबला. काचेआडच्या तांबड्या आकड्यांनी थोडा वेळ नाच केला, मग ते थांबले. तीन हजार सातशे चाळीस.

बाबा खाली उतरून त्या आकड्यांसमोर उभा राहिला. आई मोटारीतून आली. आजोबा काठी टेकत आले आणि त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "किती?"

"दोनशे चाळीस जास्त," ब्रीना म्हणाली.

"अशी अकेशिया सहा वर्षांत नाही आली," बाबा म्हणाला. हसायला गेला, पण ते हसू धड बाहेर आलं नाही. "चला. अजून उजाडलं नाहीये पुरतं. अडीच तास. डार्या, तू पुढे राहा. पोलीस दिसले तर फोन कर, मी वाटेत कुठेतरी थांबतो."

"थांबतोस म्हणजे?" आई म्हणाली. "उन्हात?"

"मग काय करू, सांग. परत नेऊ? ओल्गा फवारणार आहे. तिथे विषात सोडू त्यांना? इथे उभ्या ठेवू?" त्याचा आवाज चढला नव्हता. उलट अगदी बारीक झाला होता. "मी सगळं नियमानं केलं. एक गोष्ट चोरून केली नाही. तुम्ही सगळे माझ्याकडे असं बघता, जणू मी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. त्याची नजर आजोबांकडे गेली होती.

आजोबा गाडीच्या अंगाला हात लावून उभे होते. जाळीवर तळहात ठेवला होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. "तापायला लागल्यात," ते म्हणाले. एवढंच.

डोंगराच्या कडेला उन्हाची एक पट्टी आली होती. ब्रीनानं फोन काढला. वर्गात हात आपोआप वर जायचा, तसा तिनं नंबर लावला.

"ओल्गाकाकू, मी ब्रीना. झोपमोड केली का? बरं. काकू, तुम्ही फवारणी सकाळीच करायला हवी का? संध्याकाळी माश्या घरात गेल्यावर केली तर? ... हो. हो, आजच, पण संध्याकाळी. म्हणजे आमची दारं बंद झाल्यावर, आणि उद्या पहाटे आम्ही जातो." तिनं ऐकलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, सोसायटीचा माणूससुद्धा. "पाऊस उद्या दुपारनंतर ना? मग चालेल? ... आणि काकू, गावात मध काढायचं यंत्र कुणाकडे असेल? तुमच्या दिराकडे? हातानं फिरवायचं चालेल, चालेल."

तिनं फोन खाली घेतला. "चालेल म्हणाल्या. त्यांना संध्याकाळीच बरं पडतं म्हणे, वारा पडलेला असतो. बाबानं आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं, असंही म्हणाल्या."

बाबानं पाठ फिरवली. ओल्गाला विचारायचं, म्हणजे सांगायचं की गाडी जास्त भरतेय, की यंत्र आपणच उतरवून ठेवलं, की हिशेब चुकला. ब्रीनाला ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं. तो जाऊन स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली, आणि गाडी काट्यावरून उतरवून आल्या दिशेला वळवली.

परतीचा रस्ता दहा मिनिटांचा, पण ब्रीनाला तो संपेना. मागे घुंकार चढत होता. प्रत्येक वळणावर ती आरशातून गाडीच्या खालच्या कडेकडे बघत होती, काही ठिबकतंय का. एकदा तिला रस्त्यावर चकाकणारी रेघ दिसली आणि ती खिडकीतून बाहेर वाकली. पण ते सोसायटीच्या पाइपचं पाणी होतं, चाकांना लागून आलेलं.

गाडी कुरणात आपल्या जुन्या जागी, चाकांच्या खाचांत बरोबर उभी राहिली. आजोबा मोटारीतून उतरले ते काठी विसरून. एका टोकानं ते आणि दुसऱ्या टोकानं ब्रीना, दोघं दारं उघडत सुटले. पहिल्या पेटीतून माश्या बाहेर आल्या त्या उडाल्याच नाहीत. फळीवर दाटीवाटीनं बसून पंख हलवत राहिल्या, वारा आत ढकलत. ब्रीना सैतानाच्या पेटीसमोर उकिडवी बसून बघत होती. बराच वेळ काही होईना. मग एक उडाली. मग दुसरी. मग बांधावरच्या पांढऱ्या झाडांकडे सगळी रांग लागली, जणू काही झालंच नव्हतं अशी.

रादो गाडीच्या आतल्या वाटेत जाऊन एकेक पेटी आतून उघडून बघत होता. शेवटची बघून तो पायरीवर येऊन बसला आणि त्यानं तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "एक चौकटसुद्धा मऊ नाही पडली," तो म्हणाला.

ओल्गाकाकूंनी ब्रेड, कॉफीचं भांडं आणि ब्रेडवर लावायला मीठ घातलेली चरबी पाठवली होती. आईनं गवतावर टॉवेल अंथरला. आजोबांनी बाबाच्या कपात आधी कॉफी ओतली आणि मग आपल्या. बाबानं ते बघितलं.

"येर्ने," तो म्हणाला, "यंत्र उतरवलं तेव्हा तुम्ही काहीच कसं म्हणाला नाहीत?"

"तू कागदांत इतका खूश होतास," आजोबा म्हणाले. "आणि मला वाटलं, माझ्या पलंगासाठी बोलतोय असं वाटेल तुला."

आई ब्रेड कापत राहिली. थोड्या वेळानं तिनं घड्याळ बघितलं. "ब्रीना, आत्ता निघालो तर अकराच्या आत पोचवते तुला. तालीम आहे ना? मी दुपारी परत येते."

ब्रीनाच्या खिशात त्याशाचे डूल होते. काल रात्री ते तिनं उशीखाली ठेवले होते, हरवू नयेत म्हणून. तिनं खिशात हात घातला, ते बोटांनी चाचपले आणि तिथेच राहू दिले.

ती उठून उभी राहिली. बसून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. स्पर्धेत परीक्षकांसमोर उभी होती तशीच उभी राहिली.

"मी येत नाही, आई. मी आणि आजोबा यंत्र फिरवणार, बाबा चौकटी काढून देणार, आणि भरलेले डबे तू मोटारीतून न्यायचे. संध्याकाळी गाडी पुन्हा काट्यावर चढवायची. साडेतीनच्या आत आली, तरच उद्या निघायचं. यापुढे दर फुलोऱ्याला असंच." तिनं दम घेतला. बाबा तिच्याकडे बघत होता, कप अर्ध्यावर धरून. "आणि अजून एक. गॅरेजमधला पलंग कुणाला देऊन टाकू नका. अठरा पूर्ण झाले की मी मोठ्या गाडीचं लायसन्स काढणार आहे. मग ती पाटी बदलून पुन्हा पाच टनांची आणायची."